खोट्या रेघांचा बंदोबस्त

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या वह्या पुढे काचेच्या कपाटात ठेवतात, म्हणून अक्षर नीट काढतो आहे.

परिस्थिती अशी. मी घनश्याम उराडे, वय त्रेचाळीस, चंद्रपूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पीएच.डी.चं नववं वर्ष. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली आहे, ३१ डिसेंबरपर्यंत. ‘शेवटची’ हा शब्द ठळक छापला आहे. मागच्या वेळी नुसता अधोरेखित होता.

विषय: सोनोग्राफीच्या चित्रातला रिव्हर्बरेशन नॉइज कमी करणे. अंगावर फिरवतात त्या प्रोबमधून आवाज शरीरात जातो, कुठेतरी आपटून परत येतो, त्यावरून चित्र बनतं. पण कधी कधी आवाज दोन टणक गोष्टींच्या मधे सापडतो आणि टप्पे खात राहतो. प्रत्येक टप्प्याला थोडा उशिरा परत. मशीन भोळं. त्याला वाटतं, उशिरा आला म्हणजे खोलवरून आला. मग जिथे काही नाही तिथे रेघा उमटतात, एकाखाली एक, सारख्या अंतरावर, शिडीसारख्या. त्या खोट्या रेघा पुसणारं सॉफ्टवेअर मी बनवतो आहे. नाव ‘निर्मळ’. सॉफ्टवेअर साठ टक्के तयार. नाव शंभर टक्के.

संकल्प: रोज पाचला उठणे. चाळीस मिनिटं फिरणे. चार तास कोडिंग. मोबाइल कपाटात.

(आज सहाला उठलो. पण पहिला दिवस.)

३ ऑक्टोबर

फिरणं रद्द. कूलिंग टॉवरच्या बाजूला बिबट दिसल्याचा मेसेज, आमच्या ऊर्जानगर वसाहतीच्या ग्रुपवर. मेसेज मागच्या वर्षीचा निघाला. पण बिबट काय वर्ष पाहून येतो?

कोडिंग नाही. टेबल खिडकीजवळ नेलं. खिडकीतून राख येते. परत आणलं. संध्याकाळ झाली. रुपाली (पत्नी. वीज केंद्रात कंट्रोल रूमला इंजिनिअर. क्वार्टर तिच्या नावावर) ड्युटीवरून आली आणि म्हणाली, टेबल तर जिथं होतं तिथंच आहे. तिला मधला प्रवास दिसत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

पोचूच्या सलूनमध्ये गेलो. तिथे पुढे आरसा, मागे आरसा. मला मी चौदा दिसलो, लहान लहान होत गेलेला. म्हणजे माझा विषयच समोर! पोचूला समजावलं की यातला एकच खरा, बाकी तेरा उड्या मारणाऱ्या उजेडाची करामत. मी ते तेरा पुसतो.

त्याने वस्तरा थांबवला. म्हणे, “मंग सर, तुमचं मशीन त्यातला खरा कोन्ता ते कसं वळखते? पुसतापुसता तुमीच पुसले गेले तं?”

मी म्हणालो, गणित असतं. तो म्हणाला, “हो का.” आणि डाव्या बाजूची मिशी जास्त कापली. लोकांना थिअरीचा पाया नसतो.

९ ऑक्टोबर

नागपूरहून गाइड सरांचा फोन. नऊ मिनिटं. सारांश: इंटरनेटवरची चित्रं साफ करून पीएच.डी. मिळत नाही. खऱ्या दवाखान्यातली चित्रं घ्या, डॉक्टरांकडून तपासून घ्या, नाहीतर मला फोन करू नका.

हेच मी त्यांना सुचवणार होतो.

ओळख काढली. कुरखेड्याच्या पुढे एका ट्रस्टचा लहान दवाखाना आहे. तिथल्या डॉ. स्वाती मडावी रुपालीच्या होस्टेलमधल्या मैत्रीण. फोन रुपालीने केला, बोलणं रुपालीने केलं. कल्पना मात्र माझी.

१५ ऑक्टोबर

चंद्रपूर ते कुरखेडा, एसटी, गडचिरोलीला बदलून. साडेपाच तास. बसमध्ये दोन तास कोडिंग करायचं ठरवलं होतं. लॅपटॉपवर शेजारच्या बाईंनी टोपली ठेवली, ती आरमोरीला उतरली.

स्वातीबाई बारीक, झपझप चालणाऱ्या. आल्या आल्या नियम सांगितले. सोनोग्राफीच्या मशीनला मी हात लावायचा नाही, कायदा आहे. गरोदर बायांची चित्रं मिळणार नाहीत. बाकी पेशंटची, त्यांची सही घेऊन, नाव कापून मिळतील. परवानगीची पत्रं, समितीची मंजुरी, सगळं त्यांनी आणि रुपालीने फोनवर आधीच केलं होतं. मी फाइलचं कव्हर निवडलं. निळं.

मग त्या म्हणाल्या, “भाऊ, खरंच जमलं तर मले मोठी मदत होईन. पोटाच्या फोटोत या रेघा फार त्रास देते. पण फुफ्फुसाला हात लावू नका. तिथं आम्ही रेघाच मोजतो. त्यावरूनच पाणी झालं की नाही ते कळते.” मी मान हलवली. फुफ्फुसाची रेघ आणि पोटाची रेघ, रेघ ती रेघच. पण पहिल्या भेटीत वाद नको.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, उजवा तळहात ओच्यात झाकून. ताराबाई. नवऱ्याचं नाव खुशाल, तो शेजारीच उभा. ढिवर समाजातले, गावच्या तलावात जाळं टाकतात. पोळ्याच्या सुमारास मासे काढताना हाताला टोचलं, तिला वाटलं शिंगी मासोळीने काटा मारला. तेव्हापासून हात सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. जाळं विणता येत नाही. तिने माझ्या निळ्या फाइलकडे पाहून विचारलं, “तुमी ते रेघावाले डाक्टर का?”

मी दुरुस्त केलं नाही. डिसेंबरनंतर लोक डॉक्टरच म्हणणार आहेत. दोन महिने इकडे काय, तिकडे काय.

२१ ऑक्टोबर

एकसष्ट चित्रं मिळाली! चार तास कोडिंग! (सलग नाही. मधे झोप.)

दुपारी चमत्कार. मूत्राशयाच्या चित्रात वरच्या बाजूला धुकट पट्टे होते. ‘निर्मळ’ चालवलं. पट्टे गायब. काळंभोर, स्वच्छ, अमावस्येच्या आकाशासारखं. मी खुर्चीतून उठून खोलीत तीन फेऱ्या मारल्या. रुपालीला कंट्रोल रूममध्ये फोन केला. तिने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, इतिहास घडला. ती म्हणाली, बरं, दूध तापवून ठेव.

सत्काराच्या भाषणाचा पहिला परिच्छेद लिहिला. दूध ऊतू गेलं.

२६ ऑक्टोबर

किरकोळ अडचण. चित्र क्रमांक नऊमधला पित्ताशयातला खडाही पुसला गेला. खडा होता, स्वातीबाईंच्या रिपोर्टमध्ये लिहिलं आहे. पण त्याचा आकार फारच रेघेसारखा होता. यात चूक खड्याची.

सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा आहे, किती जोरात पुसायचं त्याचा. शून्य ते एक. ०.३ वर खडा वाचतो, पण रेघाही थोड्या राहतात. ०.८ वर सगळं लख्ख. विचार केला. परीक्षकांना लख्ख आवडतं. ०.८.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. रुपालीची दिवसभर ड्युटी, दिवाळीत वीज जास्त लागते. मला घरात बसवेना. टेबलाशी बसलो, उठलो, चिवडा खाल्ला, बसलो. आकडा ०.८५ केला. जुन्या बॅचमेटचा मेसेज आला, तो आता विभागप्रमुख. ०.९ केला.

११ नोव्हेंबर, कुरखेडा

पुन्हा दवाखान्यात. आता प्रत्यक्ष चाचणी. पद्धत अशी: डॉक्टर तपासणार, चित्र साठवणार, ते पेन ड्राइव्हने माझ्या लॅपटॉपवर येणार. डावीकडे मूळ चित्र, उजवीकडे निर्मळ केलेलं. स्वातीबाईंची अट एकच: डावं झाकायचं नाही आणि रिपोर्ट डाव्यावरच लिहायचा. मी कबूल झालो. संशोधकाने लवचिक असावं.

उद्या-परवा त्या गडचिरोलीला ट्रेनिंगला. त्यांच्या जागी डॉ. सुरज, नुकतेच शिकून आलेले, फार आदबशीर. मला ‘सर’ म्हणतात. काम करायला उत्तम माणूस.

१२ नोव्हेंबर. दुपारी

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

ताराबाई आली होती. हात पुन्हा सुजलेला. डॉ. सुरजनी तळहातावर प्रोब फिरवला आणि थबकले. म्हणाले, “सर, इथे रेघा रेघा दिसत आहेत.” मी म्हणालो, तोच तर नॉइज! चित्र लॅपटॉपवर घेतलं. ०.९ वर चालवलं. एका क्षणात तळहात असा स्वच्छ झाला, की पाटी पुसावी. प्रत्यक्ष चाचणीतलं चित्र क्रमांक चौदा. आजवरचं सगळ्यात सुंदर. डाव्या बाजूची खिडकी मी बंद केली, कारण डॉक्टर उगाच तिकडे पाहत होते.

त्यांनी विचारलं, गडचिरोलीला एक्स-रेसाठी पाठवायचं का? मी म्हणालो, कशाला? एकदम क्लीन आहे. ते म्हणाले, तुमचा नऊ वर्षांचा अभ्यास आहे सर. गोळ्या लिहून दिल्या.

ताराबाईने मात्र माझ्याकडेच पाहून विचारलं, “काटा नाई ना आतमंदी?”

“काही नाही मावशी. आता मशीन खोटं बोलत नाही.”

तिचा चेहरा उजळला. धान कापणीचे दिवस, गडचिरोलीला जायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. म्हणाली, “मंग बरं झालं बापा.” खुशालने मला हात जोडले. तो बोलत नाही फार.

शास्त्राचा उपयोग शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हे भाषणात घालणे.

२० नोव्हेंबर

मतदान. ड्युटी एका शाळेत. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली. रांगेत एक बाई डावं बोट पुढे करताना उजवा हात पदराखाली धरून होती. मला उगाच ताराबाई आठवली. संबंध काही नाही. थकव्याने होतं.

२३ नोव्हेंबर, नागपूर

सेमिनार. माझं पोस्टर दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. मधोमध चित्र क्रमांक चौदा, दोन फूट रुंद. डावीकडे ‘आधी’: रेघांची शिडी. उजवीकडे ‘नंतर’: निर्मळ. लोक थांबत होते. (पाण्याचा पिंपही तिथेच होता, पण तरी.) उत्तेजनार्थ प्रमाणपत्र! गाइड सर नऊ वर्षांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, पंधरा डिसेंबरला प्रबंध द्या.

पोस्टरचा फोटो शेहेचाळीस जणांना पाठवला. स्वातीबाईंनाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

स्वातीबाईंचा फोन आला. अभिनंदनाचा असणार म्हणून स्पीकरवर लावला. रुपाली समोर भाजी निवडत होती.

त्यांनी विचारलं, “भाऊ, डावीकडच्या फोटोत ज्या रेघा आहेत, त्या कशाच्या मधे आपटून राह्यल्या होत्या?”

मी पूर्ण थिअरी सांगितली. अकरा मिनिटं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणालो, प्रोब आणि हाड.

“हाड खाली दिसते. या रेघा त्याच्या कितीतरी वर सुरू होते. बारीक, चमकणाऱ्या, खाली निमुळत्या. तळहाताच्या मासात असं टणक काय असते, भाऊ?”

मी म्हणालो, काही नसतं.

“तेच म्हणते मी. नसते. मंग रेघा कुठून आल्या?”

भाजीचा आवाज थांबला.

“धातू आहे तो,” स्वातीबाई म्हणाल्या. “सुई असन, तारेचा तुकडा असन. एवढासा असला तरी आवाज त्याच्याच अंगात टप्पे खाते आणि खाली शेपूट सोडते. त्या शेपटीवरूनच आम्ही त्याले पकडतो. तुम्ही शेपटीसंगं तोही पुसला. हात कोणाचा आहे?”

नाव मीच कापलं होतं. तारीख सांगितली. त्यांनी रजिस्टर उघडलं. पानं उलटल्याचा आवाज आला, मग त्यांनी नुसतं “ताराबाई” म्हटलं आणि फोन ठेवला.

रुपालीने विचारलं, ती बाई आता कुठे आहे? मी म्हणालो, मला काय माहीत, मी संशोधनाच्या बाजूचा.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

२९ नोव्हेंबर

सकाळपासून टेबलाशी. स्वातीबाईंची चूकही असू शकते. कॅल्शियमचा कण असू शकतो. प्रोबवर ओरखडा असू शकतो. चित्र चौदा पुन्हा काढलं. ०.३ वर चालवलं.

आहे. तळहाताच्या मधोमध, तिरकी, तांदळाच्या दाण्याएवढी रेघ. तिच्याखाली शिडी.

दहा वेळा चालवलं. दहाही वेळा आहे.

दुपारी स्वातीबाईंचा मेसेज. आशाताई (आरोग्य कार्यकर्ती) ताराबाईच्या गावी जाऊन आल्या. घराला कुलूप. हाताने विळा धरवेना म्हणून नवरा-बायको लेकीकडे गेले, माजरीला. फोन लागत नाही. लेकीचं नाव दीपिका, जावई कोळसा खाणीत. एवढंच माहीत. ‘माजरी तुमच्याजवळ आहे. तुम्ही जा.’

उद्या कॉलेजात मूल्यांकन समिती येते. परवा रविवार आहे, परवा जाणे सोयीचं.

संध्याकाळी रुपालीने उद्याची रजा टाकली. स्वतःची. कारची चावी टेबलावर ठेवली, लॅपटॉपवर.

३० नोव्हेंबर, शनिवार

माजरी. गेलो.

कोळशाच्या ट्रकांमागून हळूहळू. खाणीत दीपिका या नावाने विचारून उपयोग नाही आणि जावयाचं नाव ठाऊक नाही. रुपालीने दुकानादुकानात विचारलं: कुरखेड्याकडून आलेली, हात सुजलेली बाई पाहिली का? मी मागे फाइल घेऊन. फाइल कशाला आणली ते कळत नाही. एका पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं, “हो ना, तिचा हात पाहून मीच म्हटलं, दवाखान्यात ने. तं म्हन्ते, मोठ्या डाक्टरनं पाह्यला, काई नाई म्हने.”

रुपाली माझ्याकडे वळली नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

त्यानेच दाखवलेली पत्र्याची खोली. ताराबाई खाटेवर. सूज मनगटापर्यंत, कातडी ताणून चकचकीत, अंगात ताप. मला पाहिलं आणि उठायला लागली. लेकीला म्हणाली, “दीपिका, खुर्ची आन व. रेघावाले डाक्टर आले. येवढ्या दूर आले बापा माह्यासाठी.”

खुर्ची आली. मी बसलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती, एकही आलं नाही. म्हणालो, “पुन्हा एकदा पाहून घेऊ. चंद्रपूरला.” खुशालने विचारलं, “काऊन? तुमी तं काई नाई म्हनलं होतं.” मी म्हणालो, मशीन बदलतं कधी कधी.

मशीन बदलतं. हे मी म्हणालो. पेनाने लिहिलं आहे, खोडणार नाही.

तिला घेऊन तासाभरात चंद्रपूरच्या दवाखान्यात. एक्स-रेत लहान पोराला दिसेल असं: गळाचं मोडकं टोक, वाकडं, पांढरंशुभ्र. शिंगी नव्हती. कोणाचा तरी गळ जाळ्यात अडकून आला होता.

१ डिसेंबर

ऑपरेशन सकाळी. पू फार होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, दोन-तीन आठवडे आधी आली असती तर छोटं काम होतं. आता तर्जनीच्या शिरेपर्यंत गेलंय. बोट पूर्ण वाकेल का ते सांगता येत नाही.

तो तुकडा बाटलीत घालून खुशालकडे दिला. त्याने बाटली उजेडात धरली. मग म्हणाला, “तीन हप्ते झाले ना सर.” एवढंच. आणि बाटली खिशात टाकली.

मी कँटीनमधून सगळ्यांसाठी चहा आणला. तीनदा. तिसऱ्यांदा कोणी घेतला नाही.

४ डिसेंबर

आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. पायऱ्या चढलो, उतरलो, गाडी नीट लावली आहे का पाहून आलो. लावलेली होती.

वॉर्डात ताराबाई लेकीने सोललेलं संत्रं खात होती, डाव्या हाताने. मी उभ्यानेच सांगितलं. मी डॉक्टर नाही. कॉलेजात शिकवतो. त्या दिवशी मशीनने बरोबर दाखवलं होतं. मशीन खोटं बोललं नाही, मी पुसलं. डॉक्टर एक्स-रेला पाठवत होते, मी अडवलं.

ती ऐकत होती. दीपिका म्हणाली, “आमी तं तुमाले देवावानी…” आणि संत्र्याची सालं गोळा करू लागली.

ताराबाईने संत्र्याची बी काढून ताटलीत ठेवली. म्हणाली, “मले त्याच दिशी वाटलं होतं. डाक्टर इतका येळ बोलत नाई.”

मग म्हणाली, “पन तुमी इतकं पक्कं सांगतलं ना. आमाले कोनी इतकं पक्कं सांगत नाई. म्हून मीनं मानलं.” आणि तोंड भिंतीकडे केलं. “जा आता. मले निजू द्या.”

गेलो. चुकून जिन्याने गच्चीवर गेलो, मग खाली.

११ डिसेंबर

गाइड सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाईट झालं. मग म्हणाले, एक केस आहे. चित्र चौदा काढून टाका, दुसरं टाका, पंधराला प्रबंध द्या. आकडेवारी चांगली आहे तुमची.

खरंच चांगली आहे. एकसष्टमधली अठ्ठावन्न चित्रं सुधारली. सत्त्याण्णव टक्के म्हणायलाही हरकत नाही, जरा वर ओढून.

चित्र चौदा काढलं. सतरा टाकलं. चौदा परत टाकलं. दिवसभर हेच. सतरा, चौदा. रुपालीला विचारलं, काय करू? ती म्हणाली, मला कशाला विचारतोस, तुझा विषय. मग जेवताना म्हणाली, “तुझ्यासारखा मी पॅनलवरचा अलार्म बंद केला असता ना घनश्याम, आवाज होतो म्हणून, तर आज हे चंद्रपूर अंधारात असतं.”

तिला नेहमी वीज केंद्रच दिसतं.

१५ डिसेंबर

चौदा ठेवलं. डावी-उजवी दोन्ही. खाली लिहिलं: या चित्रात पद्धतीने रुग्णाच्या हातातला गळाचा तुकडा पुसला. पद्धतीला खरी रेघ आणि खोटी रेघ यातला फरक कळत नाही. लेखकालाही कळला नाही. खोट्या रेघेच्या मुळाशी काहीतरी खरं असू शकतं, ते आधी शोधावं, मग पुसावं.

गाइड सरांनी वाचलं. म्हणाले, हा प्रबंध नाही, कबुलीजबाब आहे. यावर मी सही करणार नाही. नव्याने तीन-चार वर्षं काम करावं लागेल आणि मुदत संपली.

म्हणजे तत्त्वतः संशोधन उत्तम सुरू आहे, फक्त पदवी अडली आहे.

(हे वाक्य पुन्हा वाचलं. असू दे.)

२७ डिसेंबर, शुक्रवार. कुरखेडा

स्वातीबाईंनी बोलावलं होतं. ‘निर्मळ’ची एक प्रत दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर टाकून दिली होती, ती काढायला. नऊ वर्षांचं काम काढायला चार मिनिटं लागली. त्यातलं एक मिनिट कॉम्प्युटर विचारत होता, नक्की का?

डॉ. सुरज माझ्याशी नीट बोलले, पण ‘सर’ म्हणाले नाहीत. त्यांचंही बरोबर.

ताराबाई ड्रेसिंगला आली होती, खुशालबरोबर. बोट अर्धं वाकतं. रबरी चेंडू दाबायला दिला आहे. मी नमस्कार केला, तिने मान हलवली. स्वातीबाईंना आत काही राहिलं नाही ना ते सोनोग्राफीवर पाहायचं होतं. मशीन लावलं तर सगळ्या चित्रावर बारीक ठिपके, नाचणारे, बर्फ पडल्यासारखे. सुरज म्हणाले, आठवड्यापासून असंच आहे, कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यात येईल.

सगळे पडद्याकडे बघत होते. मी भिंतीकडे पाहिलं. सॉकेट. मशीनला हात लावायची मला मनाई, पण भिंत कोणाचीही. मेन स्विच बंद करायला सांगितला, टेस्टर मागितला. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर नुसती टेकलेली होती, उंदराने कुरतडलेली. सोलली, पिळली, स्क्रू आवळला. या सगळ्यात मी एक शब्द बोललो नाही, असं नंतर लक्षात आलं.

स्विच लावला. ठिपके गेले. चित्र शांत.

स्वातीबाई प्रोब फिरवत होत्या. ताराबाईने विचारलं, “काई नाई ना आता?” विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी खाली पाहिलं. स्वातीबाईंनी प्रोब पुन्हा फिरवला, हात उलटा करून पाहिला, दाबून पाहिला. मग म्हणाल्या, “दिसत तं नाई. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू.”

बाहेर निघताना ताराबाई थांबली. टेस्टरकडे बोट केलं, पुरतं न वाकणारंच. “हे बाकी चांगलं जमते तुमाले.”

मी म्हणालो, हा वेगळा नॉइज आहे. विजेचा. माझ्या विषयात बसत नाही.

“मंग विषय बदला,” ती म्हणाली आणि खुशालच्या मागे गेली.

ड्रेसिंगच्या खोलीतलं सॉकेटही सैल होतं. ते बसवलं. सव्वाचारची बस गेली.